सोशीक माशाचं घर

मासा पाण्यात गुदमरून मरेल का? प्रश्न वेडगळ वाटेल. पाण्यात बुडणारा मासा हा आपल्याकडे चेष्टेचाच विषय. पण ‘फायटर’ म्हणून मिळणारा तो झुपकेदार शेपटीचा मासा आठवा. तो आणि त्याच्या कुळातले गुरामी यांची पृष्ठभागावर यायची वाट अडवली, तर ते पाण्यातच गुदमरून जाऊ शकतात. थोड्या थोड्या वेळानं वर यायचं, तोंडानं हवेचा एक घोट घ्यायचा आणि पुन्हा खाली जायचं, हा त्यांचा जन्मभराचा नेम आहे.

या माशांना कल्ले असतातच. पण कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत त्यांना निसर्गानं आणखी एक सोय करून दिली आहे. घड्या घातलेल्या हाडाच्या पातळ पाकळ्या आणि त्यांवर रक्तवाहिन्यांनी भरलेली नाजूक त्वचा. वरून घेतलेली हवा या घड्यांत जाते आणि तिथून प्राणवायू थेट रक्तात मिसळतो. या घड्या इतक्या गुंतागुंतीच्या, की शास्त्रज्ञांनी तिला नाव दिलं लॅबिरिंथ, म्हणजे भुलभुलैया. म्हणून हे सगळे ‘लॅबिरिंथ’ मासे. आपल्याकडे बाजारात घमेल्यातल्या वीतभर पाण्यात मरळ तासन् तास जिवंत असते ना, ती यांची नात्यातलीच. तिच्याकडेही हवा घ्यायची अशीच काहीशी सोय असते.

‘याला काही लागत नाही, ताई’

आता या देणगीचं आपण काय केलं बघा. कोणत्याही गावातल्या माशांच्या दुकानात जा. बाकीचे मासे मोठ्या टाक्यांत, हवेचे बुडबुडे सोडणारा पंप चालू. आणि हा बिचारा फायटर? लोणच्याच्या बरणीएवढ्या भांड्यात, प्लॅस्टिकच्या पेल्यात, कधी नुसत्या पिशवीत. विचारलं तर दुकानदार कौतुकानं सांगतो, ‘‘याला काही लागत नाही, ताई. पंप नको, मोठी टाकी नको. दोन दाणे टाकले की झालं.’’ आपण खूश होतो, मुलाच्या वाढदिवसाला वाडग्यासारखं काचेचं भांडं आणि मासा घेऊन येतो, आणि तो टीव्हीशेजारी कित्येक महिने तसाच तग धरून राहतो.

तग धरणं आणि सुखानं जगणं यांत फरक आहे, हे आपल्या बायकांना वेगळं सांगायला नको.

हे मासे उथळ पाण्यातले, हे खरं. थायलंडमधली भातखाचरं आणि पाणथळ जागा हे फायटरचं माहेर. २०१९ मध्ये थायलंडनं त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. गुरामींचं माहेर तर आपल्याच देशात, बंगाल-आसामकडच्या डबक्यांत, तळ्यांच्या काठांवर, संथ ओढ्यांत. तिथलं पाणी गरम, गढूळ, प्राणवायू कमी असलेलं असतं, म्हणून तर निसर्गानं ही सोय केली. पण ते पाणी उथळ असलं तरी लांबरुंद असतं. त्यात पाणवनस्पतींची दाटी असते, लपायला जागा असते, चरायला किडे-अळ्या असतात. वाईट पाण्यात श्वास घेता येतो म्हणजे वाईट पाणी त्यांना मानवतं, असं नाही. घाण पाण्यातला अमोनिया कल्ले आणि त्वचा जाळतोच. हवेचा घोट त्यावर औषध नव्हे. मासा एवढंच करतो, की कुरकुर न करता आणखी काही दिवस काढतो.

आपल्याच देशातले मध-गुरामी

फ्रान्सिस हॅमिल्टन नावाचा एक स्कॉटिश डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत इकडे आला. त्यानं गंगा आणि तिच्या उपनद्यांतल्या माशांवर एक मोठा ग्रंथ लिहिला, तो १८२२ मध्ये प्रसिद्ध झाला. या लहान माशांना बंगालीत खोलिशा म्हणतात. हॅमिल्टननं स्थानिक नावंच शास्त्रीय नावांत घेतली. त्यातला ‘चुना’ म्हणजेच आज दुकानात हनी गुरामी नावानं मिळणारा मासा. गंमत म्हणजे यांतले नर आणि मादी दिसायला इतके वेगळे, की हॅमिल्टननं त्या दोघांची दोन वेगळ्या जाती म्हणून नोंद केली होती!

हा हनी गुरामी, मी त्याला मध-गुरामीच म्हणते, जेमतेम दीड-दोन इंचांचा असतो. एरवी फिकट, साधासुधा. विणीच्या काळात मात्र नर मधासारखा केशरी होतो आणि त्याचा गळा, पोट गडद निळं-काळं दिसू लागतं. याच्या छातीखाली दोन लांब दोऱ्यांसारखे पर असतात. त्यांनी तो पुढचं सगळं चाचपून पाहतो. पान, दगड, दुसरा मासा, सगळं. चष्मा सापडत नसताना आजी हातानं उशाशी चाचपते ना, अगदी तसं.

याचा चुलतभाऊ म्हणजे ड्वार्फ गुरामी, लाल-निळ्या पट्ट्यांचा, फार देखणा. पण मत्स्यपालन केंद्रांत वाढवलेल्या या माशांत एक विषाणूजन्य आजार आढळतो आणि त्यावर औषध नाही. म्हणून नवख्या मैत्रिणींना मी मध-गुरामीच सुचवते. मोठ्या शहरातल्या दुकानांत कधी स्पार्कलिंग गुरामीही मिळतो. आग्नेय आशियातला हा मासा दीड इंचाच्या आतबाहेर, पण कान देऊन ऐकलं तर चक्क कटकट असा आवाज काढतो. फायटरही ठेवता येतो, पण एका टाकीत नर एकच. दोन नर म्हणजे मारामारी ठरलेली, त्याचं नावच ते आहे.

पंपाशिवायची, पानांची टाकी

हौशी लोकांच्या बोलण्यात ‘लो-टेक’ टाकी असा शब्द येतो. म्हणजे काय, तर महागडं यंत्र नाही, कार्बन वायूचं सिलिंडर नाही, झगझगीत दिवे नाहीत. माती, वाळू, भरपूर पाणवनस्पती आणि थोडके जीव. झाडांनी आणि सूक्ष्म जिवाणूंनीच पाणी राखायचं.

ही कल्पना नवी नाही. आणि मैत्रिणींनो, तिच्या इतिहासात बायका पहिल्या रांगेत आहेत, बरं का. जान विलप्रू-पॉवर ही फ्रान्समधली शिवणकाम-भरतकाम करणारी मुलगी. पुढे लग्न होऊन ती सिसिलीत मेसिना इथं राहायला गेली. १८३२ मध्ये तिनं समुद्रजीवांचा अभ्यास करण्यासाठी काचेची पेटी तयार करून घेतली, आणि आर्गोनॉट नावाचा अष्टपाद प्राणी आपलं शिंपलं स्वतःच बनवतो हे त्या पेटीत डोळ्यांनी पाहून सिद्ध केलं. तोवर मोठमोठे विद्वान त्यावर नुसता वाद घालत होते. १८४०च्या दशकात लंडनच्या अ‍ॅना थिन या बाईंनी घरात प्रवाळ जिवंत ठेवले. तेव्हा पंप कुठला? त्या उघड्या खिडकीशी पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात वरून ओतवून घेत, म्हणजे पाण्यात हवा मिसळे. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून पाणी कसं राखलं जातं, ते मांडलं. आणि आपल्या काळात, १९९९ मध्ये अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड या बाईंनी या विषयावर पुस्तक लिहिलं. टाकीच्या तळाशी साधी माती आणि वर वाळू ही त्यांची पद्धत जगभरच्या हौशी लोकांनी उचलली.

करायचं कसं? दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी काचेची टाकी घ्या. तीत पन्नास-पंचावन्न लिटर पाणी मावतं. बागेतली किंवा कुंडीतली साधी माती चाळून घ्या. ताजं शेणखत नको, रासायनिक खत तर नकोच. एक इंच मातीचा थर, त्यावर धुतलेल्या जाडसर वाळूचा एक इंच थर. वाळूवर ताटली ठेवून तिच्यावर हळूहळू पाणी सोडा, म्हणजे माती ढवळली जात नाही.

झाडं पहिल्याच दिवशी दाट लावायची. दोनचार काड्या लावून ‘वाढतील पुढे’ म्हणायचं नाही, कारण मधल्या काळात शेवाळ जागा बळकावतं. वॅलिस्नेरिया, हायड्रिला ही आपल्याकडची झाडं उत्तम. आपण डोकं शांत राहावं म्हणून जी नीरब्राह्मी वापरतो, तीही पाण्याखाली छान वाढते, दुकानात ती बॅकोपा नावानं मिळते. जावा फर्न आणि अ‍ॅन्युबियस यांना कमी उजेड चालतो. फक्त त्यांचा आडवा जाड कंद मातीत पुरायचा नाही, तर दगडाला किंवा लाकडाला दोऱ्यानं बांधायचा. जावा मॉसचा एखादा झुबका हवाच, त्याचं काम पुढे सांगते. वर तरंगणारं एखादं झाड असावं, पण त्यानं सगळा पृष्ठभाग झाकू द्यायचा नाही. आपल्या माशाला वर यायची खिडकी मोकळी पाहिजे. त्याच कारणानं टाकी काठोकाठ भरायची नाही, वरची दोनेक इंच जागा सोडायची. हे मासे उडीही मारतात, म्हणून वरून जाळी घालावी.

टाकी थेट उन्हात नको. सात-आठ तास साध्या एलईडी दिव्याचा उजेड पुरतो.

आणि आता सगळ्यात अवघड काम : थांबायचं. चार ते सहा आठवडे टाकीत मासा सोडायचा नाही. का? तर उरलेलं खाणं, विष्ठा, सडकी पानं यांतून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ते बरंच निरुपद्रवी असतं आणि झाडं ते खत म्हणून वापरतात. झाडं तर अमोनियाही शोषून घेतात. हे जिवाणू वाळूत, पानांवर, दगडांवर वस्तीला यायला वेळ लागतो. दुधात विरजण टाकल्यावर आपण दर पाच मिनिटांनी भांडं हलवतो का? तसंच हे. या दिवसांत मातीतून बरंच काही पाण्यात उतरतं, म्हणून आठवड्यातून दोनदा थोडं पाणी बदलत राहायचं. तेवढंच.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. बादलीत एक दिवस उघडं ठेवलं की साधं क्लोरीन उडून जातं. पुढे टाकी बसली, की आठवड्याला एक-दोन तांबे म्हणजे काही विशेष नाही, चांगलं पाच-सात लिटर पाणी बदलावं. काढलेलं पाणी मोरीत ओतू नका. कुंड्यांना घाला. आमच्या तुळशीला आणि कढीपत्त्याला या पाण्याची चटकच लागली आहे.

कोळंबी कुरकुर करते

या टाकीत मध-गुरामींच्या जोडीला मी ज्या पाहुण्यांची शिफारस करते, त्या आहेत चेरी श्रिम्प. बोटाच्या पेराएवढ्या लाल कोळंबी. मूळच्या तैवान-चीनकडच्या, गोड्या पाण्यातल्या. दिवसभर त्यांचं एकच काम. पानांवरचं, दगडांवरचं शेवाळ आणि बुरशी बारीक चिमट्यांनी वेचून तोंडात टाकायची. एखादी बाई तांदूळ निवडायला बसली आहे, असंच वाटतं.

त्या वाढताना कात टाकतात. तळाशी पडलेलं पारदर्शक कवच पाहून नवख्या माणसाला वाटतं, मेली! ते कवच काढू नका, त्या ते खातात. नव्या कवचासाठी त्यांना कॅल्शियम लागतं, म्हणून नुसतं आरओचं पाणी त्यांना चालत नाही. आपल्या विहिरी-बोअरचं पाणी थोडं जड असतं, ते उलट बरं. मादी पोटाखाली वीस-तीस अंडी घेऊन फिरते, सतत पाय हलवून त्यांना पाणी घालते, आणि तीन-चार आठवड्यांनी अगदी आईसारखीच दिसणारी, तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक पिल्लं बाहेर पडतात.

मासे ती पिल्लं खातील का? खातील. मध-गुरामी मोठ्या कोळंबीच्या वाटेला जात नाही, पण तोंडात मावणारं पिल्लू सोडणार नाही. इथंच जावा मॉसचं काम. त्या दाट जाळ्यात पिल्लं लपतात आणि पुरेशी वाचतात. म्हणून क्रम महत्त्वाचा : आधी झाडं, मग पंधरा-वीस कोळंबी, त्यांची एक पिढी वाढली की मग मासे. मध-गुरामीचा एक नर आणि दोन माद्या एवढ्या टाकीला पुरेत. फायटरचं मात्र सांगता येत नाही. एखादा कोळंबीकडे बघतही नाही, एखादा आठवड्यात सगळ्या संपवतो. माणसांसारखंच, स्वभाव ज्याचा त्याचा.

पण मी कोळंबीचा आग्रह धरते तो शोभेसाठी नाही. नीट लक्ष द्या. गुरामी वर येऊन हवा घेतो, कोळंबी घेऊ शकत नाही. तिला जो प्राणवायू मिळेल तो पाण्यातूनच. पाणी बिघडलं, खाणं जास्त पडून सडलं, तर मासा आठवडाभर काही दाखवणार नाही. कोळंबी मात्र लगेच अस्वस्थ होते. एरवी पानापानांवर चरणाऱ्या कोळंबी पृष्ठभागाशी गोळा झाल्या, सैरावैरा पोहू लागल्या, की समजावं पाणी बिघडलं. म्हणजे जिला सोसत नाही, तीच या घराची राखणदार. तिच्या मापानं टाकी राखली, की सोसणाऱ्या माशालाही आपोआप चांगलं घर मिळतं.

आपल्या घरातले शत्रू

पुस्तकांत सहसा न सापडणाऱ्या, पण आपल्या गावांत रोज लागणाऱ्या काही गोष्टी सांगते.

डास मारायचा फवारा, कॉइल, प्लगमधलं द्रव. यांतली बहुतेक द्रव्यं मासे आणि कोळंबी दोघांनाही घातक असतात, कोळंबीला तर अगदी थोडीही पुरतात. ज्या खोलीत टाकी, त्या खोलीत फवारा नको. मच्छरदाणी लावा, ती आपल्यालाही बरी. नगरपालिकेची धुराची गाडी आली, की खिडक्या लावून टाकीवर ओली चादर टाका आणि धूर ओसरला की लगेच काढा. आपला मासा तीच हवा पितो, हे विसरू नका. तसंच माशांच्या काही औषधांत तांबं असतं. कोळंबी असलेल्या टाकीत ती औषधं घालायची नाहीत. तांब्याच्या कळशीत साठवलेलं पाणीही नको.

उन्हाळा. विदर्भ-मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो. टाकीतलं पाणी तिशीच्या वर गेलं की कोळंबीला त्रास सुरू होतो. दिवा बंद ठेवा, वरचं झाकण काढून जाळी तेवढी ठेवा, पृष्ठभागावरून पंख्याचं वारं जाऊ द्या. माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं, त्याच कारणानं टाकीतलंही दोन-तीन अंशांनी उतरतं. आटलेलं पाणी रोज थोडं थोडं भरायचं. बर्फ टाकायचा नाही.

वीज जाणं. इथं लो-टेक टाकीचा खरा फायदा. शक्य असेल तर मंद चालणारा एक स्पंज फिल्टर असावा, या माशांना जोराचा प्रवाह आवडतही नाही. पण वीज गेली म्हणून आकांत करायची गरज नाही. मासा हवा घेतो, कोळंबी थोडक्या आणि पाणी मोठं. रात्री झाडंही प्राणवायू वापरतात, म्हणून लांबलचक वीज गेली तर पहाटे तेवढं बघावं. कोळंबी वर आलेल्या दिसल्या, तर पेल्यानं पाणी घ्या आणि वीतभर उंचीवरून पुन्हा टाकीत सोडा, पाच-दहा मिनिटं. अ‍ॅना थिनबाईंची युक्ती पावणेदोनशे वर्षांनीही चालते.

एक फुकटचं औषधही सांगते. शाळेच्या आवारात, एसटी स्टँडवर बदामाचं झाड असतं ना, मोठ्या पानांचं, ज्याची फळं मुलं दगडानं फोडून खातात? त्याची लाल होऊन गळलेली, वाळलेली पानं धुऊन टाकीत एखादं टाका. पाणी फिक्या चहासारखं होतं, माशांना ते मानवतं, आणि पानावर जमणाऱ्या बुरशीवर कोळंबी ताव मारतात. थायलंडमध्ये फायटर पाळणारे हेच पान वापरतात. रस्त्याकडेचं, धुरळ्यातलं मात्र घेऊ नका.

घरटं बांधणारा बाप

टाकी मनाला लागली, की एके दिवशी नर पृष्ठभागावर बुडबुडे सोडू लागतो. लाळेत गुंडाळलेले चिकट बुडबुडे एकमेकांना जोडून तो तरंगत्या पानाखाली घरटं बांधतो. खालच्या पाण्यात प्राणवायू कमी, म्हणून अंडी हवेजवळ ठेवायची ही युक्ती. अंडी घातली की मादीला तो दूर हाकलतो आणि राखण स्वतः करतो. अंडं निसटून खाली पडलं, तर तोंडानं उचलून पुन्हा बुडबुड्यांत ठेवतो. एक-दीड दिवसात पिल्लं फुटतात, ती पोहायला लागेपर्यंत याला उसंत नाही. पिल्लांना तो भुलभुलैया जन्मतः नसतो, तो काही आठवड्यांनी तयार होतो. तोवर त्यांना कल्ल्यांवरच भागवावं लागतं. म्हणजे सोसण्याची ताकद याही माशाला जन्मतः नसते.

‘मला सवय आहे, पोरीला नाही’

आमच्या महिला समुपदेशन केंद्रात बाहेरच्या खोलीत अशी एक टाकी आहे. बदली होऊन गेलेल्या एका बँक अधिकाऱ्यांनी जाताना रिकामी काचेची पेटी दिली होती, तिचंच हे रूप. आयांबरोबर आलेली मुलं तिथं बसतात. आत आई बोलत असते, तेव्हा बाहेर मूल काय करणार? ते कोळंबी मोजतं.

एक बाई यायची. नाव-गाव सांगत नाही, थोडे तपशीलही बदलले आहेत. घरी जे चाललं होतं ते बारा वर्षं चाललं होतं. तिसऱ्या खेपेपर्यंत ती जवळजवळ काही बोलली नाही. ‘‘मला काही त्रास नाही ताई, मला सवय आहे,’’ एवढंच. मग आलीस कशाला, असं आम्ही कधी विचारत नाही. तिची मुलगी टाकीशी बसलेली असे. मुलीनं विचारलं, ‘‘हा मासा सारखा वर का येतो?’’ मी माशाचं सांगितलं, कोळंबीचंही सांगितलं. ती आई ऐकत होती. बराच वेळ गप्प राहून म्हणाली, ‘‘माझं तसंच आहे. मला चालतंय. पण ही शाळेत बोलेनाशी झाली. बाईंनी बोलावून सांगितलं. म्हणून आले मी.’’

त्या दिवशी ती पहिल्यांदा सगळं बोलली. माशामुळे बोलली असं मी म्हणणार नाही, ते तिच्या मनात शिजतच असणार. पुढे काय झालं? कायद्यानं जे करता येतं ते सुरू झालं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षणासाठी अर्ज केला, ती मुलीला घेऊन माहेरी राहायला गेली. सगळं मार्गी लागलं असं नाही, तारखा अजून पडतात. पण पोरगी शाळेत पुन्हा बोलते. मध्यंतरी येऊन गेली, तेव्हा तिनं आल्या आल्या एकच विचारलं, ‘‘पिल्लं किती झाली?’’

इतकी वर्षं या कामात काढल्यावर एक गोष्ट मला पक्की कळली आहे. ‘तिला काही लागत नाही,’ असं ज्या बाईबद्दल घरात कौतुकानं बोललं जातं, तिच्या वाट्याला सगळ्यात कमी येतं. शिळं तिला, उरलेलं तिला, मोडकी खुर्ची तिला. ती चालवून घेते, म्हणून कुणी बघत नाही. आणि मग घरातलं जे सगळ्यात नाजूक असतं, एखादं मूल, एखादं म्हातारं माणूस, ते आधी कोमेजतं. तेव्हा कुठे कळतं, की या घरातलं पाणीच बिघडलं आहे.

चौकट : लक्षात असू द्या

खाणं दिवसातून एकदा, चिमूटभर, दोन मिनिटांत संपेल एवढंच. आठवड्यातून एक दिवस उपास. पाण्याच्या टाकीत, पिंपात डासांच्या अळ्या सापडल्या तर त्या गाळून माशांना द्या आणि पिंप घासून कोरडं करा.

नवीन झाडं आणली की दहा-बारा दिवस वेगळ्या बादलीत ठेवून पाणी बदलत राहा. त्यांवर कीटकनाशक असेल तर ते धुऊन जाईल.

टाकीत हात घालण्यापूर्वी साबण, क्रीम, मेंदीचं तेल धुऊन टाका.

टाकी नकोशी झाली, तर मासे, कोळंबी, झाडं कुणाला तरी देऊन टाका. नदीत, तळ्यात, विहिरीत सोडू नका. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठीच आली होती. आज तिनं आपल्या नद्यांचं काय केलं आहे, ते आपण बघतोच.

एवढ्या टाकीसाठी फार पैसा लागत नाही, सवड मात्र लागते. दोन महिने धीर धरायची तयारी असेल, तरच सुरुवात करा. नसेल तर मासा आणूच नका, त्यात काही कमीपणा नाही. आणि आणलात, तर दुकानातून निघताना ‘याला काय काय लागत नाही’ हे विचारू नका, ‘याला काय लागतं’ ते विचारा. घरात ज्याला असं कधी कुणी विचारलं नसेल, त्यालाही एकदा विचारून बघा.